कापड टिकते, जोड सुटतो : भटकंतीच्या पाऊचविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळी भटकंतीच्या तयारीविषयी लिहिताना ‘प्रथमोपचाराचा पाऊच मी घरीच शिवलेला आहे’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले. बाकीचा लेख बाजूला राहिला आणि पत्रे आली ती बहुतेक या एका वाक्यावर. म्हणून या वेळचे सदर पाऊच शिवणाऱ्यांसाठी राखून ठेवले आहे. एकाच आशयाची अनेक पत्रे होती, त्यांतून एकेक प्रश्न निवडला आहे.

घरी आजीचे पायाचे मशीन आहे. त्यावर मी ब्लाउज आणि उशांचे अभ्रे शिवते. पाठीवरच्या सॅकसारखे जाड कापड त्यावर शिवता येईल का, की वेगळे मशीन घ्यावे लागेल? एकदा जुन्या जीन्सवर प्रयत्न केला, तर सुई मोडली आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे झाले. — एक शिक्षिका, सातारा

वेगळे मशीन मुळीच घेऊ नका. आजीचे काळे, ओतीव लोखंडाचे मशीन या कामाला आजच्या हलक्या प्लॅस्टिकच्या मशीनपेक्षा सरस ठरते, कारण ते फक्त सरळ टीप घालते, पण ती नेटाने घालते. आपल्याला आलेल्या दोन अडचणींची कारणे मात्र वेगवेगळी आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

सुई मोडली ती बहुधा दोन गोष्टींमुळे. ब्लाउजसाठी लावलेली बारीक सुई तशीच राहिली असेल, आणि कापड पुढे सरकत नाही असे पाहून आपण ते मागून ओढले असेल. ओढल्यामुळे सुई वाकते, तिचे टोक खालच्या पत्र्यावर आदळते आणि ती तुटते. जाड कापडाला १६ नंबरची सुई लावावी, आणि पट्ट्यासह तीन-चार थर एकत्र येत असतील तर १८ नंबरची. शिवण जिथे उंच होते, म्हणजे घडीवर घडी येते, तिथे पायडल सोडून द्यावे आणि उजव्या हाताने चाक फिरवत एकेक टाका घालावा. सुईजवळ कापड दाबून धरणारी दाबपट्टी अशा उंचवट्यावर चढताना मागे कलते व तिथेच टाके चुकतात. तेव्हा तिच्या मागच्या बाजूखाली त्याच कापडाची एक घडी सरकवली, की दाबपट्टी पुन्हा सपाट बसते आणि मशीन विनातक्रार पुढे जाते.

जाळे खालच्या बाजूला दिसते म्हणून सगळे जण बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचे लहान रीळ, काढून तपासत बसतात. दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. दोरा ओवताना दाबपट्टी खाली असेल, तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न शिरता वरच्या वर राहतो. मग त्याला ताणच मिळत नाही आणि तो सैल होऊन खाली साठत जातो. दाबपट्टी उचलून दोरा पुन्हा ओवा, बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

टाक्याची लांबी तीन ते साडेतीन मिलिमीटर ठेवावी. बारीक टाका अधिक मजबूत असतो हा समज ब्लाउजपुरता ठीक आहे. जाड आणि लेप दिलेल्या कापडावर फार जवळजवळ टाके घातले, तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी छिद्रांची रांग तयार होते आणि ओढ बसली की कापड त्याच रेषेवर फाटते. अशा कापडावर टाचण्याही टोचू नयेत, कारण पडलेले भोक बुजत नाही. कागद अडकवायचे किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे पुरेसे होतात.

दुकानदार ६०० डी, १००० डी, १६८० डी असे आकडे सांगतात आणि प्रत्येक कापड ‘कॉर्डुरा’ म्हणूनच दाखवतात. जितका आकडा मोठा, तितके कापड टिकाऊ समजायचे का? — एक वाचक, नाशिक

डी म्हणजे डेनियर, आणि डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप आहे. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जेवढे वजन भरते, तेवढे त्याचे डेनियर. म्हणजे १००० डेनियरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. हा आकडा धागा किती जाड आहे एवढेच सांगतो. तो कशाचा आहे आणि कापड किती घट्ट विणले आहे, याविषयी तो काहीही बोलत नाही. १६८० डेनियरचे सैल विणीचे पॉलिस्टर हाताला भरभक्कम लागते, पण खडकावर घासले जाताना ५०० डेनियरचे चांगल्या विणीचे नायलॉन अनेकदा त्याला मागे टाकते, आणि वजनाला हलकेही असते.

कॉर्डुरा हे कापडाच्या जातीचे नाव नाही, ती एक व्यापारमुद्रा आहे. ड्युपाँ कंपनीने १९२९ साली हे नाव रेयॉनच्या धाग्यासाठी घेतले आणि नायलॉनला ते पुष्कळ नंतर लागले. आपल्याकडे मात्र सगळ्याच फोटोकॉपीला ‘झेरॉक्स’ म्हणतात तसे त्याचे झाले आहे. तेव्हा नावावर न जाता कापड पारखावे. आतल्या, लेपाच्या बाजूवर नखाने जरा जोरात ओरखडा काढून पाहावा. पापुद्रे निघाले किंवा बोट चिकटले, तर ते कापड खाली ठेवावे. मग कापडाचा खोलगट द्रोण करून त्यात दोन चमचे पाणी ओतावे आणि चहा पिऊन यावे. खालची बाजू तोवर कोरडी असेल तर लेप चांगला. दुकानदाराला विचारून, कडेचा एखादा धागा काढून काडीच्या ज्योतीत धरला तर आणखी कळते : नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून त्यांचा कडक मणी होतो, तर सुताची राख होते.

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास दोर, ताडपत्री, बकल आणि पट्टे एकाच फेरीत मिळतात. मुंबईत धारावीत बॅगा शिवणाऱ्यांचे कारखाने आहेत, तिथल्या भागात उरलेले तुकडे मिळू शकतात. अर्धा मीटर कापड बास होते, कारण ५८ इंची पन्ह्यातून मध्यम आकाराचे पाच-सहा पाऊच सहज निघतात. तरीही पहिल्या पाऊचसाठी कापड विकत घेऊच नये, असे माझे मत आहे. चेन खराब झाली म्हणून माळ्यावर टाकलेले मुलांचे दप्तर घ्यावे. त्याच्या बाजू, पट्टे, बकल सगळे कामी येते, आणि चुकले तर हळहळ वाटत नाही. फक्त उन्हात वर्षानुवर्षे राहून पांढुरके पडलेले कापड घेऊ नये, ते उन्हाने आतून कमकुवत झालेले असते.

मी शिवलेल्या पाऊचचे कापड अजून नव्यासारखे आहे, पण दोन पावसाळ्यांत त्याची शिवण जागोजाग उसवली. दोरा घरात होता तोच, साधा रिळाचा वापरला होता. दोऱ्याने एवढा फरक पडतो का? — एक वाचक, अहिल्यानगर

सगळा फरक दोऱ्याने आणि जोडाने पडतो. लोक कापडावर पैसे घालतात, पण घरी शिवलेला पाऊच कापड फाटून निकामी झालेला मी क्वचितच पाहिला आहे. तो जातो शिवणीत, लुपाच्या मुळाशी आणि चेनीच्या टोकाला.

आपला दोरा सुती असणार. सूत पाणी शोषते, दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि ते कुजते. उसवलेल्या जागी दोऱ्याचे टोक पाहा. ते काळसर असेल आणि चिमटीत धरून ओढताच तट्कन तुटत असेल, तर निदान पक्के झाले. त्याऐवजी अखंड तंतूंचा पॉलिस्टर दोरा घ्यावा, मोटारींची सीट कव्हरे शिवणारे वापरतात त्या प्रकारचा. नायलॉनचा दोराही मजबूत असतो, पण तो ओला झाला की थोडा ताणतो आणि उन्हाला पॉलिस्टरइतका टिकत नाही. दिवसभर उन्हापावसात सॅकच्या बाहेर लटकणाऱ्या पाऊचला म्हणूनच पॉलिस्टर बरा. रिळावर ‘टेक्स’ असे माप असेल, तर ते १००० मीटरचे ग्रॅममधले वजन असते. ४० ते ४५ टेक्सचा दोरा घरच्या मशीनला १६ नंबरच्या सुईतून झेपतो. ७० टेक्सला १८ नंबरची सुई लागते आणि ताणही पुन्हा जुळवावा लागतो. ही जुळवाजुळव नेहमी त्याच कापडाच्या चिंधीवर करावी, पाऊचवर नव्हे.

दोरा चांगला असूनही जोड सुटू शकतो, हे मला हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कळले. डोक्याला लावायच्या टॉर्चचा पाऊच सॅकच्या पट्ट्याला लुपाने अडकवला होता. पाचनईच्या बाजूने चढताना एका जागी तो कारवीच्या फांदीत अडकला, मी पुढे पाऊल टाकले आणि लूप हातभर लांब उडाला. पाऊच खाली घरंगळत गेला आणि आतल्या टॉर्चसह ओढ्यात सापडला. घरी येऊन पाहिले, तर कापडाचा एक धागाही तुटलेला नव्हता. पट्ट्याचे टोक मी कापडावर नुसते ठेवून त्यावर एक आडवी टीप मारली होती. सगळी ओढ एकाच रांगेवर आली आणि पहिला टाका तुटल्यावर बाकीचे एकापाठोपाठ सुटले.

तेव्हापासून मी पट्ट्याचे टोक दोन बाजूंच्या शिवणीच्या मध्ये घालतो आणि ते आत किमान दोन सेंटिमीटर राहू देतो. तिथे तीन टिपा पडतात : एक मुख्य शिवणीची, एक तिच्या आत मायेवर, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडावर, आणि एक उलटी परत येणारी. पट्टा कापडाच्या मधोमध लावायचा असेल, तर चौकोन शिवून त्यात दोन्ही कर्ण घालावेत. पिशव्यांच्या बंदांवर हा फुलीचा चौकोन आपण नेहमी पाहतो. त्याच्या आतल्या बाजूने कापडाचा आणखी एक तुकडा ठेवला, की ओढ पसरते. पट्टा कापल्यावर टोक ज्योतीजवळ नेऊन कडा वितळवून घ्यावी, पण खिडकी उघडी ठेवून. वितळलेल्या भागाला बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा, तो कातडीला चिकटतो.

जिथे मशीन पोचत नाही तिथे हाताने शिवावे आणि त्यासाठी चपला शिवणाऱ्या कारागिराची रीत उचलावी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टिपेत एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात, पण या शिवणीत एका बाजूचा दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. दोऱ्याला आधी मेण चोळून घ्यावे, म्हणजे तो घसरत नाही आणि पाणीही कमी पितो.

प्रथमोपचाराच्या पाऊचचे नेमके माप द्याल का? तळाला खोली कशी द्यायची हेच मला जमत नाही. — एक परिचारिका, कोल्हापूर

आधी वस्तू, मग माप. क्रेप बँडेज, पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, लहान कात्री, गोळ्या असे जे न्यायचे ते टेबलावर नीट रचा आणि त्या ढिगाची लांबी, उंची व खोली मोजा. माझ्या सामानाची ती १८, १२ आणि ५ सेंटिमीटर भरते, म्हणून तेच उदाहरण घेऊ. शिवणीसाठी सगळीकडे एक सेंटिमीटर माया धरू.

रुंदीसाठी १८ मध्ये खोलीचे ५ आणि दोन बाजूंच्या मायेचे २ मिळवले की २५ होतात. उंचीसाठी १२ मध्ये खोलीचे निम्मे, म्हणजे अडीच, खालच्या मायेचा १ आणि चेनीकडच्या मायेचा १ मिळवला की साडेसोळा. असे २५ बाय साडेसोळाचे दोन तुकडे कापा. दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यांतून, कच्च्या कडेपासून मोजून, अडीच सेंटिमीटरचा चौकोन कापून काढा. हा चौकोन नेहमी खोलीच्या निम्मा असतो, एवढे लक्षात ठेवले की कोणतेही माप जमते.

सर्वांत आधी वरच्या कडांना चेन लावावी. बाजू शिवल्यावर चेन लावायला गेलात, तर हात आत शिरत नाही आणि संताप होतो. त्यानंतर चेन निम्मी उघडून ठेवावी. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण चेन बंद ठेवून चारही बाजू शिवल्या की पाऊच उलटा करायला वाट उरत नाही आणि हा प्रमाद प्रत्येकाच्या हातून एकदा तरी घडतोच. आता बाजू आणि तळ शिवा. कोपऱ्यातला कापलेला चौकोन दोन बोटांत धरून असा उघडा, की बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर येतील, आणि त्या सरळ रेषेवर टीप मारा. तळ १८ बाय ५ चा चौकोनी बसतो आणि पाऊच स्वतःच्या पायावर उभा राहतो. वरचे तोंड मात्र २३ सेंटिमीटर लांब राहते, त्यामुळे आतले पाकीट शोधताना बोटे अडखळत नाहीत.

आतल्या कच्च्या कडांना पट्टीचा गोट लावावा. गोधडीला काठ लावलेल्या हातांना हे सांगावे लागणार नाही. गोट नसेल तर कडेचे धागे सुटून सुटून चेनीत जातात आणि नेमके बँडेज हवे असते तेव्हा रनर अडतो.

चेन मीटरवर मिळणारी, नायलॉनच्या वेटोळ्याची, ५ नंबरची घ्यावी, आणि रनर त्याच दुकानातून त्याच बनावटीचा. नंबर सारखा असला तरी एका बनावटीचा रनर दुसऱ्या चेनीवर बसेलच असे नाही. ही चेन मध्येच उकलली तर रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणल्यावर बहुधा जुळते. धातूचा दात वाकला तर तशी सोय नसते.

सगळे नीट शिवूनही पहिल्याच पावसात आतले सामान भिजले. कापड तर जलरोधक होते. — एक वाचक, ठाणे

कापड जलरोधक होते, पण पाऊच नव्हता. तीन मिलिमीटरच्या टाक्याने एक मीटर शिवण घातली तर सुमारे ३३० भोके पडतात, आणि चेन ही तर उघडी फटच. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडावर शिवणीच्या आतून पॉलियुरेथेनचे सीलर, म्हणजे भोके बुजवणारा लेप, लावता येते आणि सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचेच लागते. एकाचे दुसऱ्यावर धरत नाही. चेनीवर दोन बोटे रुंद झाप शिवली की वरून येणारी धारही अडते. एवढे करूनही सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात चार तास चालल्यावर ओल आत येते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी औषधे आणि कागद दाबून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून मगच पाऊचमध्ये घालतो, आणि पाऊचच्या तळाला एक लहानसे आयलेट, म्हणजे कडी बसवलेले भोक, ठेवतो. शिरलेले पाणी बाहेर पडायलाही वाट हवी, नाहीतर पाऊचची बादली होते.

घरी आल्यावर पाऊच उलटा करून सावलीत वाळवावा. ओला तसाच कपाटात कोंबला, तर काही वर्षांत आतला लेप चिकट होऊन त्याला आंबूस वास येऊ लागतो. दमटपणामुळे पॉलियुरेथेनचेच विघटन होत असते, त्यावर पुढे इलाज नाही.

आम्ही समुद्रावर जातो. पितळी रनर दर दोन महिन्यांनी अडकून बसतो. तेल घालावे का? — एक वाचक, पणजी

तेल घालू नका, त्यावर वाळू चिकटते. परतल्यावर पाऊच गोड्या पाण्यात बुडवून, चेन दोन-चार वेळा उघड-मिट करून मीठ धुऊन काढावे. वाळल्यावर चेनीवर मेणबत्ती फिरवावी. नवीन शिवताना साच्यातल्या प्लॅस्टिकच्या दातांची चेन आणि प्लॅस्टिकचाच रनर घ्या, बकलही तसेच.

कॉलेजच्या गटासोबत प्रस्तरारोहण शिकतो आहे. पाऊच जमले, आता स्लिंग, म्हणजे चढताना आधाराला वापरतात तो पट्ट्याचा फासही घरीच शिवावा असे वाटते. पट्टा तोच, फुलीचा चौकोनही तोच. — एक विद्यार्थी, पुणे

नको. बाजारातली प्रमाणित स्लिंग २२ किलोन्यूटन ओढ सोसेल अशी चाचणी करून विकली जाते. आपल्या टिपेला किती झेपते हे घरी मोजायला साधन नाही, आणि चूक समजण्याची वेळ चुकीची असते. चढताना हाताला लावायच्या खडूच्या भुकटीची पिशवी जरूर शिवा. जिच्यावर माणूस लटकणार, ती गोष्ट विकतच घ्या.

चेनीऐवजी वेल्क्रो लावले तर शिवायला सोपे पडेल. चालेल का? — एक वाचक, चिपळूण

शिवायला सोपे आहे खरे, आणि घरात चालेलही. पावसाळा सरल्यावर डोंगरावर मात्र गवताची कुसळे वेल्क्रोच्या आकड्यांत अशी घुसतात, की दिवाळीच्या सुमारास त्याची पकड निम्मी झालेली असते. यात नवल नाही. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ साली ही कल्पना सुचली, तीच मुळी कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे पाहून. वेल्क्रो लावायचेच असेल, तर आकड्यांची बाजू झाकणाच्या आतून, खाली तोंड करून शिवा आणि मऊ बाजू पाऊचच्या अंगावर. अडकलेली कुसळे दाभणाने, आकड्यांच्या ओळीच्या दिशेने उचकटली तर निघतात. ब्रशने घासल्यास ती आणखी खोल जातात.